पूर्वेकडचे सहा मनोरे

ही गोष्ट २०३९ सालची. त्या वर्षी महाशिवरात्र फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आली होती आणि माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. आता मी ऐंशीची आहे. पुष्कळ गोष्टी विसरते, चष्मा कुठे ठेवला ते तर रोजच. पण त्या दिवशीची प्रत्येक वेळ मला मिनिटासकट आठवते. आयुष्यभर घड्याळ पाहून आकडे लिहिले, त्याचा हा परिणाम असावा.

मी हवामान निरीक्षक होते. चंद्रपूरच्या खालच्या अंगाला नांदगुडा नावाचं आमचं गाव. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कोळशाच्या खाणी आणि मध्ये वीज केंद्राच्या चार चिमण्या. मी २००४ साली नोकरीला लागले तेव्हा वेधशाळेच्या गच्चीवरून पूर्वेचा डोंगर दिसायचा. पहाटे आम्ही हायड्रोजनचा फुगा सोडायचो आणि दुर्बिणीतून त्याच्यामागे जायचो. कधी कधी वीस-वीस मिनिटं तो लाल ठिपका दिसत राहायचा. पुढे तो चार मिनिटांत धुरात बुडू लागला. मग फुगे बंद झाले आणि डोंगरही दिसेनासा झाला. तो कधी दिसेनासा झाला हे कोणालाच सांगता येत नसे.

हिवाळ्यात आमच्याकडे हवेला झाकण बसतं. एरवी जमिनीजवळची हवा गरम आणि वरची गार असते. गरम हवा हलकी, म्हणून ती धूर घेऊन वर निघून जाते. पण हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिला टेकलेली हवा गार होते आणि वर मात्र ऊबदार थर राहतो. गार हवा जड, ती उठत नाही. मग चार चिमण्यांचा धूर, खाणींची धूळ, शेकोट्या, गाड्या, सगळं त्या झाकणाखाली साचत राहतं. धुराचं झाकण दिवसाही ऊन खाली येऊ देत नाही, म्हणून जमीन तापत नाही, म्हणून झाकण उघडत नाही. असे आठ-आठ दिवस जात.

२०३६ साली गावाभोवती चौदा मनोरे उभे राहिले. कागदावर 'वायुक्षालन योजना', लोकांच्या तोंडी 'झाडणी'. कल्पना सरळ होती. हवेत बाष्प असतं, पण धुराचे कण इतके असंख्य की प्रत्येकाच्या वाट्याला पाण्याचा जेमतेम अंश येतो. त्यातून धुकं होतं, थेंब होत नाही. मनोऱ्यांवरून मिठाचे जाडसर, विद्युतभारित कण सोडले की ते अधाशासारखे पाणी ओढतात, मोठे होतात, खाली येताना धुराचे कण बरोबर घेऊन येतात. दहा-पंधरा मिनिटं काळपट भुरभुर पडते. वाळत घातलेले कपडे खराब होतात, आणि मग आकाश दिसतं. पहिल्या झाडणीनंतर आमच्या कॉलनीतल्या बायका ओट्यावर येऊन नुसत्या वर बघत उभ्या होत्या.

माझ्या घरात या झाडणीचा अर्थ वेगळा होता. आमचे हे, वासुदेव पिंपळशेंडे, बत्तीस वर्षं वीज केंद्राच्या कोळसा विभागात होते. फुप्फुसं पार कामातून गेलेली. घरात प्राणवायूचं विजेवरचं यंत्र रात्रंदिवस घुरघुरत असायचं. झाडणी झाली की हे नळी काढून तास-दोन तास व्हरांड्यात बसत, पेपर वाचत, शेजाऱ्यांची थट्टा करत. नाही झाली की भिंतीला पाठ लावून एकेक श्वास मोजून घेत.

आमची केतकी तेव्हा तीस वर्षांची होती आणि झाडणीच्या नियंत्रण कक्षात चालक होती. चौदा मनोरे कोणत्या क्रमाने चालवायचे हे चालकावर सोपवलेलं असे. केतकी नेहमी पूर्वेकडून सुरू करायची. आमची कॉलनी पूर्वेला. बाबांना आधी हवा मिळावी, एवढाच हिशेब. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नसे.

माझं काम म्हणाल तर उरलंसुरलं होतं. यंत्रं सगळं मोजत होती, पण मनोऱ्यांवरचे आर्द्रतेचे संवेदक काजळीने सारखे चुकायचे. म्हणून नियम होता की रोज सकाळी साडेआठला माणसाने एक नोंद घ्यायची आणि तिच्याशी बाकी यंत्रं जुळवून घ्यायची. त्या दिवशी झाडणीला परवानगी द्यायची की नाही, हेही यंत्र याच आकड्यांवरून ठरवायचं. पांढऱ्या झडपांच्या पेटीत दोन तापमापक टांगलेले. एक कोरडा, दुसऱ्याच्या पाऱ्याच्या फुग्यावर मलमलीची ओली वात. वातीतलं पाणी वाळतं तसा तो गार होतो. हवा जितकी कोरडी तितका फरक जास्त. दोन आकड्यांवरून हवेतलं बाष्प कळतं. शंभर-दीडशे वर्षांची रीत, आणि तिच्यात बिघडण्यासारखं एकच होतं: ती वात. वातीवर काजळी बसली की पाणी नीट वाळत नाही, ओला तापमापक हवा तेवढा उतरत नाही, आणि हवा आहे त्याहून दमट भासते. आमच्या गावात आठवड्यातून दोनदा वात बदलायची, असं मीच नव्या मुलींना शिकवलं होतं.

त्या फेब्रुवारीत ह्यांची तब्येत फार बिघडली. मी घर-दवाखाना-वेधशाळा करत होते. अकरा दिवस मी वात बदलली नाही. लक्षात नव्हतं असं म्हणणार नाही. लक्षात यायचं आणि उद्या करू म्हणायची.

शिवरात्रीच्या सकाळी पेटी उघडली तर वात शाईत बुडवल्यासारखी. मला माझीच लाज वाटली. मी नवी मलमल बांधली, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवली, पंधरा मिनिटं थांबले आणि साडेआठला वाचलं. कोरडा एकवीस पूर्णांक सहा. ओला एकोणीस. फेब्रुवारीला हा ओला आकडा फार होता. मी डोळे पुसून पुन्हा वाचलं. एकोणीसच. आकडे पाठवले आणि आत जाऊन बसले.

आठ चाळीसला देवाजी आत्रामचा फोन आला. देवाजी मनोऱ्यांची देखभाल करायचा. पन्नाशीचा गडी, ऐंशी मीटर उंच चढून नळ्या धुवायचा. मनोऱ्याचं टोक धुराच्या वर निघे, त्यामुळे गावात आकाश पाहणारा तो एकटाच माणूस, आणि याचा त्याला अभिमान होता.

"बाई, खाली तुम्हाले काही दिसत नसन," तो म्हणाला. "वरून पाहून रायलो मी. दक्षिणेकडं ढगाले बुरूज फुटले. सकाळीच."

"कसे बुरूज?"

"आता कसे म्हंजे? किल्ल्याले रायते तसे. एक वर एक. तुमीच सांगितलं होतं न मले, सकाळी असे दिसले तं फोन करजो म्हणून. केला. आता भुललं म्हणू नका."

सकाळीच ढगांना असे बुरूज फुटणं याचा अर्थ वरची हवा अस्थिर आहे. म्हणजे माझा एकोणीस खरा होता: बंगालच्या उपसागराकडून बाष्पाची एक अरुंद जीभ रातोरात आमच्यावर येऊन पोचली होती, आणि उत्तरेकडून गार हवा वरच्या थरात सरकत होती. विदर्भातली फेब्रुवारीची गारपीट अशीच होते. त्या दोन्ही हवांच्या मध्ये आमचं झाकण होतं. आम्ही ज्याला शिव्या देत होतो त्या धुराने जमीन गार ठेवली होती, आणि जमीन गार होती तोवर खालची दमट हवा उठणार नव्हती. झाडणी करून ऊन मोकळं सोडलं असतं तर दुपारपर्यंत जमीन तापली असती आणि झाकण कुकरच्या शिट्टीसारखं उडालं असतं.

मग यंत्राने आजच्या झाडणीला परवानगी कशी दिली? मी माझ्या पडद्यावर आजची नोंद उघडली. माझ्या आकड्याच्या शेजारी एक रकाना असायचा, 'ग्राह्य मूल्य'. इतक्या वर्षांत मी तो कधी उघडला नव्हता. ओला तापमापक: एकोणीस. ग्राह्य मूल्य: सतरा.

मला समजायला दोन मिनिटं लागली. अकरा दिवस माझी काळी वात जास्त दाखवत होती. यंत्राने ते आजूबाजूच्या तीन केंद्रांशी ताडून ओळखलं होतं आणि हळूहळू माझ्या आकड्यातून दोन अंश वजा करायला शिकलं होतं. माणूस असता तर म्हणाला असता, शोभनाबाई, वात बदला. यंत्र रागावत नाही, ते गुपचूप दुरुस्ती करतं. आणि आज मी वात बदलली, कोणाला न सांगता. आकडा खरा होता आणि यंत्र त्यातूनही दोन अंश काढत होतं.

तेव्हा आठ पंचेचाळीस झाले होते. आठ पन्नासला झाडणी सुरू होणार होती. नदीच्या वाळवंटात, म्हणजे गावाच्या पश्चिमेला, जत्रेला चाळीस हजार माणूस जमणार होतं: कापडी मांडव, पाळणे, दर्शनाची रांग. जत्रेला स्वच्छ हवा देण्याचं जाहीर झालं होतं.

नियंत्रण कक्ष आवारातच, दोनशे पावलांवर. उठायचं, जायचं, सांगायचं, एवढंच होतं.

मी उठले नाही. मी घरी फोन केला.

"काय करता?"

"नाचून रायलो," हे म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "आज झाडणी आहे न?"

"आहे."

"मग व्हरांड्यात बसतो आज. आठ दिवस झाले, या भिंतीचे पोपडे पाहून पाहून मले तोंडपाठ झाले."

मी फोन ठेवला. खिडकीतून पहिला मनोरा सुरू झाल्याची शीळ ऐकू आली. मी स्वतःशी म्हणाले, कदाचित बुरूज विरतील. कदाचित बाष्प पुढे सरकेल. पस्तीस वर्षं मी अंदाज वर्तवणाऱ्यांना 'कदाचित' म्हणताना ऐकत आले होते, आणि आता ते मला फार सोपं वाटत होतं. नोकरी जाईल, चौकशी होईल, ही भीती होतीच. पण तिच्यामुळे मी बसून राहिले नव्हते. त्यांना एक दिवस श्वास मिळावा म्हणून बसून राहिले होते. दुसरा मनोरा झाला. तिसरा. जुनी वात माझ्या ओंजळीत होती, बोटं काळी झाली होती. चौथा. पाचवा.

नऊ अठराला पुन्हा देवाजी.

"बाई, एक विचारू का? आमच्या घरची अन् नात, दोघी जत्रेले निघाल्या. लुगडंगिगडं नेसून तयार आहे. पाठवू का नको? बुरूज वाढले न जी."

"नको पाठवूस," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. "मग बाकीच्यायचं काय?"

त्याने ते टोचून विचारलं नव्हतं. पण एका घराला मी उत्तर दिलं होतं, आता मला माहीत नाही असं म्हणता येत नव्हतं.

नऊ वीसला मी नियंत्रण कक्षात होते. केतकी पडद्यासमोर, आणि मागे उभे निशांत खोब्रागडे, आमचे नवे प्रभारी. तीन महिने झालेले, हुशार, अजून कोणावर ओरडता न येणारे.

"थांबवा," मी म्हणाले. "सातवा लावू नका."

"आई?" केतकीने मान वळवली.

मी सांगितलं. वात, अकरा दिवस, दोन अंश, देवाजीचे बुरूज. खोब्रागडे ऐकत असताना त्यांचा चेहरा बदलत गेला.

"मॅडम, अकरा दिवस? तुम्ही?"

"मी."

"आणि आजची नोंद बरोबर आहे, कशावरून?"

"वात नवी आहे. चला, तुमच्या डोळ्यांनी वाचा."

"मॅडम, वरून सकाळपासून तीन फोन आलेत. जत्रेला हवा स्वच्छ पाहिजे. मी थांबवलं आणि काहीच झालं नाही, तर मी काय सांगू? पिंपळशेंडे मॅडमची वात मळली होती?"

"हो, तेच सांगा."

"लेखी द्याल?"

मी टेबलावरचा कागद ओढला आणि लिहून दिलं. सहीवर काळं बोट उमटलं. त्यांनी कागद वाचला, दोन पावलं इकडेतिकडे टाकली, मग माझा आकडा दुरुस्तीशिवाय स्वतः यंत्रात भरला. अर्ध्या मिनिटात पडदा लाल झाला. त्यांनी केतकीच्या खांद्यावरून हात पुढे करून झाडणी थांबवली.

"किती झाले होते?" मी विचारलं.

"सहा," केतकी म्हणाली. मग तिचा आवाज एकदम उतरला. "पूर्वेकडचे सहा, आई."

पूर्वेला तोवर निळं आकाश दिसू लागलं होतं. कॉलनीवर, आमच्या घरावर, स्वच्छ पिवळं ऊन पडलं होतं.

पुढचे पाच तास कसे गेले ते सांगणं कठीण आहे. मी ह्यांना फोन केला, रुग्णवाहिका बोलावते, दवाखान्यात हलूया म्हणाले. ते व्हरांड्यात होते, नळी काढून. "वेडी झाली का तू?" म्हणाले. "किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला. आज मले कोणी हालवू नका." रुग्णवाहिका तशाही मिळाल्या नाहीत, तिन्ही जत्रेवर होत्या. खोब्रागड्यांनी केतकीला आणि मला जाऊ दिलं नाही. आर्द्रतेची नोंद दर अर्ध्या तासाला लागत होती आणि कॉलनीला सावध करण्याचे निरोप केतकीलाच द्यायचे होते. लोकांना घरात थांबायला सांगा, पत्र्याखाली थांबू नका, हेच ती शंभरदा बोलली. मी देवाजीला म्हणाले, मनोऱ्यावर आता चढू नकोस, आमच्या घरी जा, बरोबर एक भरलेला सिलिंडर घे. वीज जाईल.

"मी चढतच नव्हतो," तो म्हणाला. "जातो. भाऊजींशी पत्ते खेळतो."

जत्रेवर धूर तसाच होता. लोक खोकत होते आणि आम्हाला शिव्या देत होते. झाडणी अर्धीच का केली, विजेच्या साहेबांच्या कॉलनीला तेवढी हवा आणि आम्हाला धूर काय, असा निरोप कुणीतरी फोनवर ओरडून दिला.

दोन चाळीसला पूर्वेचं झाकण फुटलं. गच्चीवरून मी पाहिलं. धुराच्या कडेला, निळ्या तुकड्याच्या बरोबर मध्ये, ढग उकळल्यासारखा वर गेला. दहा मिनिटांत त्याचा माथा पसरला. मग गार वारा आला आणि गारा. आमच्या आवारात बोराएवढ्या, कॉलनीत लिंबाएवढ्या. वीस मिनिटं. वरचे वारे पश्चिमेचे होते, वादळ पूर्वेकडे सरकत गेलं. जत्रेत दोन मांडव उडाले, कोणाला खरचटलंही नाही.

कॉलनीतली वीज पहिल्या पाच मिनिटांत गेली. मुख्य रस्त्यावर वडाची फांदी आणि वाकलेला तिसरा मनोरा आडवे पडले. देवाजी सिलिंडर घेऊन वेळेत पोचला होता. त्याने ह्यांना आत घेतलं, नळी लावली. पण गार वाऱ्याने छाती आवळली होती, आणि सिलिंडरने भागेना. आम्ही दोघी गुडघाभर पानं आणि गारा तुडवत साडेचारला घरी पोचलो.

देवाजी व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. आम्हाला पाहून उभा राहिला.

"पाऊण घंटा झाला त्यायले जाऊन, बाई," तो म्हणाला. "पाऊस थांबल्यावर म्हणाले, बाहेर घे मले. खुर्चीसकट आणलं. शुद्धीत होते. तो पाह्य डोंगर, म्हणाले. मी म्हटलं, मले रोजच दिसते. तं हसले."

डोंगर खरंच दिसत होता. त्याच्यावरची झाडं वेगवेगळी दिसत होती.

नंतर काय काय झालं ते थोडक्यात सांगते. चौकशी झाली. कामात हयगय म्हणून माझ्यावर ठपका आला, तो योग्यच होता. चौदा महिन्यांनी मी निवृत्त झाले. खोब्रागड्यांची बदली झाली. पुढे ते मोठ्या पदावर गेले. माणसाच्या नोंदीत यंत्राने दुरुस्ती केली तर त्या माणसाला विचारल्याशिवाय ती ग्राह्य धरू नये, हा नियम त्यांनी आणला. झाडणी चालू राहिली, पण वरच्या हवेची पाहणी केल्याखेरीज नाही. वीज केंद्र २०५१ साली बंद पडलं आणि दोन-तीन वर्षांत झाडणीची गरजच उरली नाही. देवाजी मागच्या पावसाळ्यात गेला, झोपेत. त्याची नात चंद्रपूरला नर्स आहे. त्या दिवशी जत्रा बुडाल्याबद्दल ती आठवडाभर रडत होती म्हणे. केतकीने महिन्याभरात नोकरी सोडली, शाळेत भूगोल शिकवू लागली. लग्न केलं नाही. माझ्याजवळच राहिली.

आठ पंचेचाळीस ते नऊ वीस, ही पस्तीस मिनिटं मी कोणाला सांगितली नव्हती. चौकशीत अकरा दिवसांबद्दल विचारलं, मिनिटांबद्दल कोणी विचारलंच नाही. मला कळताक्षणी मी धावत आले, असं केतकीला वाटत असणार, या समजुतीवर मी एकवीस वर्षं काढली. पहिला मनोरा सुरू होण्याआधी मी बोलले असते तर पूर्वेवर धूर राहिला असता. हे खोकले असते, चिडले असते, पण राहिले असते.

गेल्या महिन्यात मी तिला सांगितलं. ती वह्या तपासत होती. पेन खाली न ठेवता म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तू तो रकाना उघडलास त्याची वेळ नोंदीत पडली होती. आठ पंचेचाळीस. बाबांच्या तिसऱ्या दिवशी मी पाहिली. चौकशीच्या आधी ती ओळ काढून टाकली."

"अशी काढता येते?"

"तेव्हा येत होती."

मग मी विचारलं की इतकी वर्षं मनात ठेवून माझ्याबरोबर राहिलीस कशी. तिने वही मिटली.

"पूर्वेकडून मी सुरू केलं होतं, आई. तू नुसती थांबलीस." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुझ्या जागी मी असते तर चौदाही होऊ दिले असते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती खरं बोलत होती.